शारीरिक आकर्षणाची मीमांसा : उत्क्रांतिवादी आणि संस्कृतिवादी स्पष्टीकरणांचा इतिहास

प्रस्तावना

एखाद्या व्यक्तीचे रूप दुसऱ्या व्यक्तीस मोहक का वाटते, हा प्रश्न काव्य, नाट्य आणि सौंदर्यशास्त्र यांनी प्राचीन काळापासून हाताळलेला आहे. आधुनिक विज्ञानाच्या कक्षेत त्याची विस्तृत चर्चा प्रथम घडवून आणली ती चार्ल्स डार्विन यांच्या १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या 'द डिसेंट ऑफ मॅन' या द्विखंडात्मक ग्रंथाने. तेव्हापासून आजपर्यंतच्या दीडशे वर्षांत या प्रश्नाची उत्तरे देणारे दोन प्रमुख प्रवाह दिसतात. आकर्षण हे उत्क्रांतीने घडविलेले अनुकूलन असून आरोग्य व जननक्षमता यांची चिन्हे ओळखण्याचे ते साधन आहे, असे पहिला प्रवाह मानतो. दुसऱ्या प्रवाहाच्या मते रूपाची अभिरुची ही समाजाने घडविलेली असून वर्ग, सत्ता, रूढी आणि प्रसारमाध्यमे तिला आकार देतात.

हा वाद केवळ विद्वानांच्या चर्चेपुरता मर्यादित नाही. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे' अशा शब्दांत बांध्याची मापे आणि चेहऱ्याची प्रमाणे सांगितली जातात. वर्गात एखादी विद्यार्थिनी 'गोऱ्या रंगाची आवड माणसाला निसर्गानेच दिली आहे का?' असे विचारते, तेव्हा त्या प्रश्नात जिज्ञासा असतेच. परंतु स्वतःच्या भवितव्याविषयीची चिंताही असते. अशा वेळी 'होय, तो निसर्ग आहे' असे उत्तर देणे किंवा 'सौंदर्य पाहणाऱ्याच्या नजरेत असते' असे म्हणून विषय संपविणे, ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत.

प्रस्तुत निबंधात या दोन्ही स्पष्टीकरणांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. या आढाव्यातून पुढे येणारे प्रतिपाद्य असे की, प्रत्येक कालखंडातील सिद्धांताचे बळ त्याने कोणाची दृष्टी पुरावा म्हणून ग्राह्य धरली यावर अवलंबून राहिले. निरीक्षकांचे वर्तुळ लहान होते तेव्हा वैश्विकतेचे दावे मोठे होते. ते वर्तुळ विस्तारत गेले तसतसे दावे आकसत गेले. मात्र या प्रक्रियेत उत्क्रांतीचा विचार निकालात निघाला नाही. तो अधिक अचूक झाला.

१. डार्विन : वैश्विक मापदंड नाकारणारा उत्क्रांतिवादी

नैसर्गिक निवडीचा सिद्धांत १८५९ मध्ये मांडल्यानंतर डार्विन यांच्यासमोर एक अडचण उभी राहिली. मोराचा पिसारा जगण्याच्या धडपडीत उपयोगी तर नाहीच, उलट तो शत्रूच्या नजरेस पडणारा बोजा आहे. एप्रिल १८६० मध्ये अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात, मोरपीस पाहिले की आपल्याला अस्वस्थ वाटते, अशी कबुली त्यांनी दिली होती. या कोड्याचे उत्तर म्हणून त्यांनी लैंगिक निवडीची कल्पना विकसित केली. जोडीदार मिळविण्यासाठी नरांमध्ये होणारी स्पर्धा आणि मादीकडून होणारी निवड, या दोन मार्गांनी अनुपयुक्त भासणारी वैशिष्ट्येही पिढ्यान्‌पिढ्या टिकतात व वाढतात, असे त्यांचे म्हणणे होते.

हा सिद्धांत मानवाला लावताना डार्विन यांनी जे केले, ते आजच्या वाचकास अनपेक्षित वाटेल. त्यांनी प्रवासी, मिशनरी आणि वसाहतींतील अधिकारी यांच्याकडून निरनिराळ्या समाजांच्या सौंदर्यकल्पनांची माहिती गोळा केली. कोठे दात काळे करण्याची रीत होती, कोठे ओठ वा कान ताणण्याची. आफ्रिकेत प्रवास केलेल्या मंगो पार्क यांच्या गोऱ्या कातडीची आणि उंच नाकाची स्थानिक लोकांनी थट्टा केली होती, ही नोंदही त्यांनी घेतली. या सामग्रीवरून, मानवी देहाच्या सौंदर्याचा कोणताही वैश्विक मापदंड मानवी मनात नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. किंबहुना त्यांच्या उपपत्तीचा पायाच ही विविधता होती. निरनिराळ्या समाजांच्या आवडी भिन्न असल्यामुळेच त्यांची बाह्यरूपे भिन्न होत गेली, असे त्यांना वाटत होते.

म्हणजे या विषयातील पहिल्या उत्क्रांतिवाद्याने संस्कृतिभेद हे आपल्या सिद्धांताचे इंधन मानले होते. मात्र एका बाबतीत ते आपल्या काळाच्या चौकटीतच राहिले. प्राण्यांमध्ये निवड मुख्यतः मादी करते असे म्हणणाऱ्या डार्विन यांनी मानवात मात्र निवडीचा अधिकार मुख्यतः पुरुषाकडे असल्याचे मानले. व्हिक्टोरियन घरातील व्यवस्थेची छाया या विधानावर स्पष्टपणे पडलेली आहे.

२. वॉलेस, गाल्टन आणि मोजमापाचा मोह

नैसर्गिक निवडीचे सहसंशोधक आल्फ्रेड रसेल वॉलेस यांना प्राण्यांतील मादीच्या सौंदर्यदृष्टीची कल्पना मान्य नव्हती. नरांचे भडक रंग हे त्यांच्या अतिरिक्त जोमाचे फलित आहे, असे ते मानत. परंतु १८९० मध्ये मानवी निवडीविषयी लिहिलेल्या लेखात त्यांनी एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. स्त्रिया आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र झाल्या, केवळ उदरनिर्वाहासाठी विवाह करण्याची सक्ती उरली नाही, तर त्यांची खरी निवड प्रथमच प्रकट होईल, असे त्यांचे म्हणणे होते. आकर्षणाचा अभ्यास करताना निवडीचे स्वातंत्र्य कोणाला आहे हे आधी तपासावे लागते, ही जाणीव येथे प्रथम ठळकपणे दिसते.

डार्विन यांचे आतेभाऊ फ्रान्सिस गाल्टन यांनी मात्र वेगळी वाट धरली. १८८३ मध्ये सुप्रजननशास्त्राला नाव देणाऱ्या गाल्टन यांनी ब्रिटनचा 'सौंदर्यनकाशा' तयार करण्याचा उद्योग केला. रस्त्यातून जाताना दिसणाऱ्या तरुणींचे आकर्षक, सामान्य आणि अनाकर्षक असे वर्गीकरण करून खिशातील कागदावर सुईने छिद्रे पाडायची, अशी ही पद्धत होती. १९०८ च्या आत्मचरित्रात त्यांनी निष्कर्ष दिला की लंडन या बाबतीत सर्वांत वर आणि ॲबर्डीन सर्वांत खाली. आकडे होते, वर्गवारी होती, नकाशाही होता. परंतु मोजणारा डोळा एकच होता आणि ज्यांचे मोजमाप होत होते त्यांना त्याची कल्पनाही नव्हती. एका गृहस्थाची अभिरुची आकड्यांच्या वेषात वस्तुनिष्ठ सत्य म्हणून सादर झाली.

गाल्टन यांच्या दुसऱ्या एका प्रयोगाचे फलित मात्र टिकले. १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी अनेक गुन्हेगारांची छायाचित्रे एकावर एक घेऊन संमिश्र छायाचित्रे तयार केली. गुन्हेगारी चेहऱ्याचा नमुना हाती लागेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात संमिश्र चेहरा घटक चेहऱ्यांपेक्षा देखणा निघाला. या निरीक्षणाकडे शंभर वर्षांनंतर संशोधक पुन्हा वळले.

मोजमापाच्या या परंपरेला नम्रपणे पण ठामपणे छेद देणारे एक उदाहरण महाराष्ट्राच्या विद्याजीवनातील आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिन येथे ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवटीच्या असममितीचा अभ्यास करीत होत्या. कवटीच्या दोन बाजूंतील फरकाचा वंशाशी संबंध असून त्यातून युरोपियनांचे श्रेष्ठत्व दिसेल, अशी फिशर यांची अटकळ होती. कर्वे यांनी मोजमापे घेतली आणि असा वांशिक भेद आढळत नाही, असे आपल्या प्रबंधात नोंदविले. मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध जाणारा निष्कर्ष लिहिण्याचे धैर्य दाखविणाऱ्या या विदुषी पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये दीर्घकाळ अध्यापन करीत होत्या. मोजमाप स्वतः दोषी नसते, मोजण्यापूर्वी ठरविलेला निष्कर्ष दोषी असतो, हा या घटनेचा बोध होय.

३. संस्कृतीचा पक्ष

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्झ बोआस आणि त्यांच्या शिष्यपरंपरेने मानवी वर्तनाच्या स्पष्टीकरणात संस्कृतीला अग्रस्थान दिले. सुप्रजननशास्त्राच्या नावाखाली घडलेल्या अत्याचारांनंतर, विशेषतः १९४५ नंतर, जीवशास्त्रीय स्पष्टीकरणांविषयी अविश्वास वाढणे स्वाभाविक होते. क्लेलन फोर्ड आणि फ्रँक बीच यांनी १९५१ मध्ये सुमारे १९० समाजांविषयीच्या नोंदींचे तुलनात्मक अध्ययन प्रसिद्ध केले. स्त्रीदेहाच्या बांध्याविषयी समाजासमाजांत मोठी भिन्नता आहे, आणि अनेक समाजांत कृश स्त्रीपेक्षा भरल्या अंगाची स्त्री सुंदर मानली जाते, असे त्यातून दिसले. निर्मळ त्वचेसारखी आरोग्याची काही चिन्हे मात्र बहुतेक ठिकाणी समान असल्याचे आढळले.

संस्कृतीचे सामर्थ्य किती असू शकते याचे सर्वांत बोलके ऐतिहासिक उदाहरण चीनमधील पावले बांधण्याच्या प्रथेचे आहे. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास उच्चभ्रू वर्तुळात सुरू झालेली ही प्रथा पुढे समाजाच्या खालच्या थरांतही पसरली. लहान मुलींच्या पायांची हाडे वाकवून घडविलेले छोटे पाऊल शतकानुशतके स्त्रीसौंदर्याचा व कुलीनतेचा मानदंड मानले गेले. चालणे कठीण करणारे, जंतुसंसर्गाचा धोका वाढविणारे हे रूप आरोग्याचे चिन्ह खचितच नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कांग यूवेई यांच्यासारखे सुधारक तसेच मिशनरी व स्त्रियांच्या संघटना यांनी विरोध सुरू केला. १९१२ मध्ये नव्या प्रजासत्ताकाने बंदी घातली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रथा जवळजवळ लोपली. जे रूप आजोबांना मोहक वाटत होते, ते नातवांना क्लेशदायक वाटू लागले. दोन-तीन पिढ्यांच्या अवधीत झालेला हा पालट जनुकांतील बदलाने स्पष्ट करता येत नाही.

तथापि 'सर्व काही संस्कृती' या भूमिकेलाही मर्यादा आहेत. ज्युडिथ लांगलॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखविले की, प्रौढांनी आकर्षक ठरविलेल्या चेहऱ्यांकडे अवघ्या दोन-तीन महिन्यांची बालकेही अधिक वेळ पाहतात. जाहिराती वा रूढी यांचा संस्कार होण्यापूर्वीची ही प्रवृत्ती केवळ संस्कृतीच्या खात्यात टाकणे अवघड आहे. त्यांनी आणि लोरी रॉगमन यांनी १९९० मध्ये संगणकाच्या साहाय्याने ३२ चेहऱ्यांचे मिश्रण केले आणि गाल्टन यांचे जुने निरीक्षण पुन्हा पुढे आले : सरासरी चेहरा आकर्षक वाटतो. मात्र येथेही एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. सरासरी ही कोणत्या चेहऱ्यांची? बालक ज्या चेहऱ्यांत वाढते, त्यांचीच सरासरी त्याच्या मनात घडते. म्हणजे प्रवृत्ती उपजत मानली, तरी तिचा आशय भोवतालच्या समाजाकडून येतो.

४. उत्क्रांतिवादाचे पुनरागमन

लैंगिक निवडीचा विचार मधल्या काळात पूर्णपणे थांबलेला नव्हता. रोनाल्ड फिशर यांनी १९१५ व १९३० मधील लेखनातून आवड आणि आवडते लक्षण ही परस्परांना कशी वाढवीत नेतात हे दाखविले होते. परंतु मानवाच्या संदर्भात या विचाराला नवे बळ मिळाले ते १९७२ मध्ये. डार्विन यांच्या ग्रंथाच्या शताब्दीनिमित्त सिद्ध झालेल्या लेखसंग्रहात रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी पालकत्वातील गुंतवणुकीचा सिद्धांत मांडला. अपत्यासाठी ज्याला अधिक शक्ती व काळ खर्चावा लागतो, तो जोडीदार निवडताना अधिक चोखंदळ असतो, हे त्याचे सार. १९७९ मध्ये डोनाल्ड सायमन्स यांनी मानवी लैंगिकतेच्या उत्क्रांतीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि पुढील दशकात उत्क्रांतिवादी मानसशास्त्र ही शाखा आकारास आली.

डेव्हिड बस यांनी १९८९ मध्ये ३३ देशांतील ३७ नमुन्यांमधून १०,०४७ व्यक्तींच्या पसंतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. भारतातील नमुन्याचाही त्यात समावेश होता. पुरुष जोडीदाराच्या रूपाला व तारुण्याला, तर स्त्रिया आर्थिक क्षमतेला तुलनेने अधिक महत्त्व देतात, असा त्यांचा प्रसिद्ध निष्कर्ष आहे. याच अभ्यासाच्या इतर निष्कर्षांची चर्चा मात्र कमी झाली. स्वभावातील दयाळूपणा व बुद्धिमत्ता यांना स्त्री-पुरुष दोघांनीही फार वरचे स्थान दिले होते. विवाहपूर्व ब्रह्मचर्यासारख्या अपेक्षेबाबत देशादेशांतील अंतर प्रचंड होते. चीन व भारत येथे तिला मोठे महत्त्व होते, तर स्कँडिनेव्हियन देशांत ती जवळजवळ अप्रस्तुत ठरली. १९९० मध्ये याच सामग्रीचे जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात पसंतीवरील संस्कृतीचा प्रभाव लिंगभेदाच्या प्रभावापेक्षा मोठा आढळला.

या परंपरेतील सर्वाधिक लोकप्रिय झालेले संशोधन भारतात जन्मलेल्या आणि टेक्सास विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या देवेंद्र सिंग यांचे होय. स्त्रीची कंबर व नितंब यांच्या घेरांचे गुणोत्तर ०.७ च्या आसपास असल्यास ती आकर्षक वाटते आणि हे गुणोत्तर आरोग्य व जननक्षमता यांचे निदर्शक आहे, असे त्यांनी १९९३ मध्ये मांडले. अमेरिकेतील सौंदर्यस्पर्धांच्या विजेत्या आणि पुरुषांच्या एका मासिकात झळकलेल्या तरुणी यांची मापे त्यांनी आधारासाठी घेतली होती. वजनाची अभिरुची बदलली तरी हे गुणोत्तर स्थिर राहिले, असा त्यांचा दावा होता. त्याच सुमारास शरीराच्या दोन्ही बाजूंची सममिती ही उत्तम आरोग्याची खूण असते, ही कल्पनाही जोर धरू लागली.

५. विस्तारलेला नमुना आणि आकसलेले दावे

१९९८ मध्ये डग्लस यू आणि ग्लेन शेपर्ड यांनी पेरूच्या अरण्यातील मात्सिगेन्का समाजात सिंग यांची चित्रे दाखवून पसंती विचारली. बाह्य जगापासून सर्वाधिक अलिप्त असलेल्या वस्तीतील पुरुषांनी बारीक कंबरेच्या आकृती नापसंत केल्या. अशी स्त्री त्यांना आजारातून उठल्यासारखी वाटली. जे समूह बाह्य जगाच्या अधिक संपर्कात आले होते, त्यांची पसंती अमेरिकन पसंतीच्या जवळ सरकलेली दिसली. १९९९ मध्ये ॲडम वेट्समन आणि फ्रँक मार्लो यांना टांझानियातील हाड्झा या शिकार-संकलन करणाऱ्या समाजात असाच अनुभव आला. तेथील पुरुषांनी गुणोत्तराकडे दुर्लक्ष करून वजनाला महत्त्व दिले. पुढे २००५ मध्ये मार्लो व सहकाऱ्यांनी समोरून काढलेल्या चित्रांऐवजी बाजूने दिसणाऱ्या आकृती दाखविल्या, तेव्हा हाड्झा पुरुषांची पसंती कमी गुणोत्तराकडे झुकली. चित्र कोणत्या बाजूने काढावे हेही संशोधकाच्या संस्कृतीने ठरविले होते, असा याचा अर्थ होतो.

मूळ आधारही तपासला गेला. जेरेमी फ्रीस आणि शेरी मेलंड यांनी २००२ मध्ये सौंदर्यविजेत्या व मासिकातील तरुणी यांच्या मापांची फेरतपासणी केली आणि ते गुणोत्तर काळानुसार स्थिर राहिले नव्हते असे दाखविले. सममितीच्या दाव्याचीही हीच गत झाली. ब्रिटनमधील ४,७३२ किशोरवयीनांच्या २०१४ मधील अभ्यासात चेहऱ्याची असममिती आणि बालपणीचे आजारपण यांच्यात संबंध आढळला नाही. त्याच वर्षी इसाबेल स्कॉट आणि सहकाऱ्यांनी १२ लोकसमूहांचा अभ्यास करून दाखविले की, ठळक पुरुषी वा ठळक स्त्रैण चेहऱ्यांची पसंती प्रामुख्याने नागरी, विकसित समाजांत आढळते. लहान, पारंपरिक समाजांत ती क्षीण आहे. आदिम वारसा म्हणून जी आवड सांगितली जात होती, ती कदाचित आधुनिक नगरजीवनाची निर्मिती आहे.

या सर्व उदाहरणांमागील पद्धतिशास्त्रीय दोष जोसेफ हेन्रिक, स्टीव्हन हाइन आणि आरा नोरेन्झायन यांनी २०१० मध्ये नेमकेपणाने मांडला. मानसशास्त्रातील बहुतांश निष्कर्ष पाश्चात्त्य, सुशिक्षित, औद्योगिक, संपन्न व लोकशाही समाजांतील लोकांवर, त्यातही मोठ्या प्रमाणावर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर आधारलेले आहेत आणि हे लोक मानवजातीचे प्रातिनिधिक नमुने नाहीत. गाल्टन यांच्या खिशातील कागद आणि विसाव्या शतकाच्या अखेरची विद्यापीठीय प्रश्नावली यांत पद्धतीचे अंतर मोठे असले, तरी पाहणारा डोळा एकाच वर्तुळातील होता.

दुसरीकडे, संस्कृतिवादी टीकेचीही तपासणी झाली हे नमूद करणे आवश्यक आहे. स्त्री-पुरुष समता जेथे अधिक, तेथे बस यांनी दाखविलेला पसंतीतील फरक कमी होतो, असे ॲलिस ईगली आणि वेंडी वूड यांनी १९९९ मध्ये म्हटले होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४५ देशांच्या मोठ्या अभ्यासात बस यांचे मुख्य निष्कर्ष पुन्हा आढळले. समतेशी असलेला संबंध मात्र बहुतेक बाबतींत दृढ ठरला नाही. जोडीदारांच्या वयातील अंतर तेवढे समताप्रधान देशांत कमी आढळले. विस्तारित नमुन्याने दोन्ही पक्षांना आपापले दावे सुधारण्यास भाग पाडले, असे म्हणणे न्याय्य ठरेल.

६. वर्णाचा प्रश्न

भारतीय वाचकाच्या दृष्टीने या चर्चेतील सर्वांत जिव्हाळ्याचा भाग त्वचेच्या वर्णाचा आहे. त्वचेचा रंग मुख्यतः लैंगिक निवडीने ठरला, हवामानाने नव्हे, असे डार्विन मानत होते. १९८६ मध्ये पियर व्हॅन डेन बर्ग आणि पीटर फ्रॉस्ट यांनी बहुसंख्य समाजांत तुलनेने उजळ स्त्रियांना पसंती दिसते असे प्रतिपादन करून त्यामागे जीवशास्त्रीय कारण सुचविले. परंतु अशा नोंदी ज्या समाजांतून आल्या, तेथे उन्हात राबणारे आणि सावलीत बसणारे अशी वर्गीय विभागणी, तसेच अनेक ठिकाणी गोऱ्या सत्तेचा प्रदीर्घ अंमल होता, ही बाब दुर्लक्षिता येत नाही.

नीना जब्लोन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन यांनी २००० मध्ये त्वचेच्या वर्णाचा अतिनील किरणांच्या तीव्रतेशी असलेला निकट संबंध दाखवून दिला. तीव्र किरणांपासून शरीरातील फोलेटचे रक्षण आणि मंद किरणांच्या प्रदेशात ड जीवनसत्त्वाची निर्मिती, या दोन गरजांच्या तोलातून जगभरची वर्णविविधता घडली. म्हणजे वर्ण हे मुख्यत्वे सूर्याशी जुळवून घेण्याचे साधन आहे. गुणवत्तेची खूण नव्हे. उजळ वर्णाशी निगडित असलेल्या एका जनुकाचे स्वरूप युरोपीय व दक्षिण आशियाई लोकांत समान पूर्वजाकडून आलेले आहे, असे २०१३ मध्ये दिसून आले. त्याचे भारतातील असमान वितरण नैसर्गिक निवडीबरोबरच स्थलांतरे व समाजांची रचना यांच्याशीही जोडलेले आहे.

गोरेपणाची आवड निसर्गदत्त व अपरिवर्तनीय असती, तर आपल्या परंपरेतील काही गोष्टींचा उलगडा करणे कठीण झाले असते. महाभारतातील रूपसंपन्न द्रौपदीचे नावच वर्णावरून कृष्णा असे आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत सावळ्या आकृती तितक्याच लावण्याने रेखाटलेल्या आहेत. मराठी भक्तिपरंपरेने तर 'सावळा' हा शब्दच विठ्ठलाच्या रूपाने प्रेमाचा केला. याचा अर्थ प्राचीन भारतात वर्णभेदाची जाणीव नव्हती असा नाही. गौरवर्णाची स्तुतीही त्याच परंपरेत आहे. परंतु एकाच संस्कृतीत दोन्ही अभिरुची शेजारी नांदत होत्या आणि त्यांपैकी एकीलाच पुढे बाजारपेठेचे पाठबळ मिळाले. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या मलमाचे नाव २०२० मध्ये बदलून 'ग्लो अँड लव्हली' करण्यात आले. त्याच वर्षी एका प्रमुख विवाहविषयक संकेतस्थळाने वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. लोकमताच्या दडपणाने जे बदलते, त्याला निसर्गनियम म्हणता येत नाही. अर्थात नाव बदलल्याने मनातील उतरंड आपोआप बदलते असेही नाही.

७. निसर्ग नियम देतो, समाज आशय देतो

मग उत्क्रांतीचे स्थान कोणते? या प्रश्नाच्या उत्तराची दिशा फिनलंडचे एडवर्ड वेस्टरमार्क यांनी १८९१ मध्येच दाखविली होती. बालपणी एकत्र वाढलेल्या व्यक्तींमध्ये प्रौढपणी लैंगिक आकर्षण निर्माण होत नाही, असे त्यांनी विवाहसंस्थेच्या इतिहासावरील ग्रंथात मांडले. आर्थर वूल्फ यांनी तैवानमधील एका जुन्या प्रथेच्या आधारे हे तपासले. या प्रथेत भावी सुनेला बालवयातच दत्तक घेऊन भावी पतीबरोबर वाढविले जाई. अशा विवाहांत घटस्फोट अधिक आणि अपत्ये कमी असल्याचे त्यांना आढळले. येथे रक्ताचे नाते नव्हते. सहवासाचा अनुभव होता. उत्क्रांतीने 'भावंडांचा चेहरा' दिलेला नाही. 'ज्यांच्याबरोबर वाढलास त्यांच्याविषयी आकर्षण नको' असा शिकण्याचा नियम दिला आहे.

बांध्याविषयीच्या पसंतीतही असाच सशर्त नियम दिसतो. लीफ नेल्सन आणि इव्हान मॉरिसन यांनी २००५ मध्ये दाखविले की, भुकेल्या पुरुषांची पसंती तृप्त पुरुषांपेक्षा अधिक वजनाच्या स्त्रियांकडे झुकते. मार्टिन टोव्ही आणि सहकाऱ्यांच्या २००६ मधील अभ्यासात दक्षिण आफ्रिकेतील ग्रामीण झुलू लोकांना भरल्या अंगाच्या आकृती आकर्षक वाटल्या, तर ब्रिटनमध्ये स्थलांतरित झालेल्या झुलू लोकांची पसंती बदललेली होती. जनुके तीच, परिस्थिती निराळी. जेथे अन्नाची शाश्वती नाही तेथे पुष्ट देह सुरक्षिततेची खूण ठरतो. जेथे अन्न मुबलक आहे तेथे कृशता प्रतिष्ठेची होते.

परिस्थितीत प्रसारमाध्यमांचाही समावेश होतो. फिजीच्या एका भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. ॲन बेकर यांनी त्या वर्षी आणि १९९८ मध्ये तेथील शाळकरी मुलींच्या दोन निरनिराळ्या गटांची पाहणी केली. वजन घटविण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणाऱ्या मुलींचे प्रमाण पहिल्या पाहणीत शून्य होते, तर दुसऱ्या पाहणीत ११.३ टक्के. नमुना लहान होता, तरी धष्टपुष्ट देहाचा परंपरेने गौरव करणाऱ्या समाजातील हा बदल विचार करायला लावणारा आहे. प्रतिष्ठित व्यक्तींचे अनुकरण करण्याची प्रवृत्ती मानवी उत्क्रांतीत उपयुक्त ठरली असावी; तीच प्रवृत्ती पडद्यावरच्या परक्या देहांना आदर्श मानू लागते, तेव्हा ती किशोरवयीन मुलींच्या आरोग्यावर उलटते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. उत्क्रांतिवाद आणि संस्कृतिवाद यांचा विरोध हा या विषयाच्या आरंभापासून असलेला अपरिहार्य विरोध नाही. डार्विन यांच्या मूळ मांडणीत अभिरुचीची विविधता हाच प्रमुख पुरावा होता.

२. वैश्विक म्हणून घोषित झालेले अनेक मापदंड हे विशिष्ट समाजाच्या, वर्गाच्या आणि बहुधा पुरुषांच्या नजरेतून घडलेले होते. निरीक्षकांचा नमुना विस्तारल्यावर ते टिकले नाहीत.

३. केवळ संस्कृतीचे स्पष्टीकरणही अपुरे आहे. बालकांची दृष्टी, सहवासातून येणारी आकर्षणहीनता, निरोगी त्वचेची व्यापक पसंती आणि अनेक देशांत पुन्हा आढळलेले पसंतीतील फरक यांना जैविक आधार मानणे सयुक्तिक आहे.

४. उत्क्रांतीचा वारसा हा आदर्श देहाचे तयार चित्र नसून परिस्थितीनुसार शिकण्याचे नियम आहे. त्या नियमांना कोणता आशय पुरवायचा, ही समाजाची जबाबदारी उरते.

अध्यापक म्हणून या इतिहासाचे महत्त्व आपल्याला अधिक आहे. एखादी आवड सर्वत्र दिसते असे सांगितले जाईल, तेव्हा 'कोणी पाहिले, कोणाला विचारले, आणि उत्तर देणाऱ्याला निवडीचे स्वातंत्र्य होते का?' हे प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे आपल्या हाती आहे. आरंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीला देण्याचे उत्तरही यातूनच मिळते. माणसाला रूप आवडते, ही निसर्गाची देणगी आहे. परंतु कोणते रूप आवडावे हे आपल्या भोवतीच्या माणसांनी, त्यांच्या इतिहासाने आणि बाजाराने बहुतांशी शिकविलेले असते. जे शिकविले गेले आहे त्याची चिकित्सा करता येते आणि ते बदलताही येते, हे तिला पुराव्यांसह सांगणे हे आपले कर्तव्य होय.